अपवादांची कुळे लागली आणि डोंगरी ठाणे राखिले, त्याची हकीकत

श्री।

यंत्री वसणाऱ्या शक्तीस नमन, आणि ती ज्या तारेने येते त्या तारेसही नमन, कारण तार तुटली म्हणजे शक्तीचे काही चालत नाही. स्वामींनी आज्ञा केली की, आपले राज्यात अपवादांची कुळे कैसी लागली, कोणी लाविली आणि त्यापासून फत्ते कैसी जाहली, ते साद्यंत लिहून पाठविणे. आज्ञा शिरसा वंदून शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण गोपनीयतेच्या करारावर आमचीही सही आहे. लिहिणाराचेही नाव लिहीत नाही, त्याचे कारण शेवटी येईल, मध्ये कोणी विचारू नये.

हे राज्य यंत्रातले. त्याचे काम एकच, की मुलखातल्या रक्तपेढ्यांत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते जाणणे, आणि ज्या ठाण्याहून मागणी येईल तिकडे पिशवी रवाना करण्याचा हुकूम सोडणे. बावन्न ठाणी, म्हणजे बावन्न इस्पितळे, या राज्यास जोडलेली होती, आणि तख्तावर श्रीमंत भास्करराव उपळेकर विराजमान होते, ज्यांना दरबारात सगळे सरकार म्हणत आणि दरबाराबाहेर भास्करदादा. आता अपवाद म्हणजे काय, ते नवख्यासाठी सांगणे प्राप्त आहे. आज्ञा चालता चालता कोठे काही अडले, आकडा चुकीचा आला, तार तुटली, मागितलेली वस्तू सापडली नाही, तर यंत्र हातातले काम तेथेच टाकून एक हाकारा सोडते, त्यास साहेबी भाषेत एक्सेप्शन म्हणतात आणि आम्ही अपवाद म्हणतो. हाकारा निघाला की वरच्या चौकीवर जातो, तेथे कोणी झेलला तर तजवीज होते, न झेलला तर त्याच्या वरच्या चौकीवर, आणि मग त्याच्याही वर, ऐसे करीत तख्तापर्यंत पोचतो, आणि तेथेही कोणी हात पुढे केला नाही तर राज्य जागच्या जागी बंद पडते. कोणत्या चौकीने कोणता हाकारा झेलावा हे त्याच्या नावावरून ठरते, म्हणून नाव आणि कूळ हेच सारे. एवढे ध्यानी ठेविले म्हणजे पुढचे सगळे समजेल.

आणि नावांचा तर आमच्या राज्यात बाजार मांडला होता. एका पथकाचे अपवाद 'दोष' म्हणवीत, दुसऱ्याचे 'संकट', तिसरे पथक नुसते आकडे लावी, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे जयवंतराव तोडकर यांची चाल. जयवंतराव राज्याचे जुने सरदार, आठ वर्षांची चाकरी, हात असा की बिघडलेली आज्ञावली त्यांच्या पुढ्यात ठेवावी आणि चहा येईतो ती सरळ व्हावी. त्यांनी रीत पाडिली होती की ज्याला अपवाद प्रथम सापडेल त्याचे नाव त्या अपवादाला द्यावे. म्हणून राज्यात तोडकर-एक, तोडकर-दोन, तोडकर-तीन ऐसे अपवाद हिंडत, आणि त्यांचा अर्थ एकट्या जयवंतरावांना ठाऊक. ते रजा घेऊन सासुरवाडीस गेले म्हणजे तोडकर-तीन आला तरी आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहात बसू. पण कोणी बोलत नसे, उलट आपले नाव लागावे म्हणून तरुण मंडळी अपवाद शोधीत फिरत, आणि सापडला म्हणजे पेढे वाटीत. आम्हीही एकदा वाटले आहेत.

मग वैशाख शुद्ध दशमीस संकट उभे राहिले. बावन्नांतले शेवटचे ठाणे डोंगरात, रस्ता वळणावळणाचा, आणि तेथील रक्ताची सारी व्यवस्था अनुसया गावित या बाईंच्या हाती होती. कोसळलेल्या सागाच्या झाडाखाली चेंगरलेला एक मनुष्य त्या दिवशी इस्पितळात आणिला, रक्त बहुत गेलेले, गट दुर्मिळ, आणि अनुसयाबाईंनी राज्याच्या पडद्यावर मागणी घातली. पडद्याने उत्तर दिले, "काहीतरी चुकले." त्यांनी पुन्हा घातली. पडदा म्हणाला, "काहीतरी चुकले." ऐसे अकरा वेळा जाहले, आणि काय चुकले, कोणाचे चुकले, थांबावे की धावावे, हे पडद्याने एकदाही सांगितले नाही. शेवटी बाईंनी फोन उचलून एकेका पेढीला विचारले आणि पिशवी निघेपर्यंत चाळीस मिनिटे वाया गेली. मनुष्य वाचला, परंतु तीन दिवस शुद्धीवर नव्हता, आणि ते तीन दिवस त्याची बायको इस्पितळाच्या पायरीवरून हलली नाही. चौथे दिवशी बाईंचा खलिता सरकारांकडे आला, तो आम्ही पाहिला आहे, आणि मजकूर येणेप्रमाणे:

"साहेब, तुमचं यंत्र बंद पडलं तर मी समजू शकते. पण ते मला काय झालं ते सांगतच नाही. मी पोळ्यापर्यंत वाट बघीन. सुधारलं नाही तर तुमचा पडदा बंद करून जुनी वही आणि फोन घेऊन बसेन. आजूबाजूची सहा इस्पितळंही माझ्याबरोबर येतील, त्यांच्याशी बोलले आहे."

खलिता सरकारांनी वाचिला. सात ठाणी गेली तर बाकीची पंचेचाळीस काय राहतात, हे सांगावयास जोशी नको होता. पण सरकारांच्या तोंडून निघाले ते वेगळेच. ते म्हणाले, "ठाणी जाऊ देत. ती बाई अकरा वेळा बटण दाबत होती आणि आपण तिला अकरा वेळा तेच सांगितलं. मला लाज वाटते." मग त्यांनी मैथिलीबाई खासनीस यांस हुजूर बोलाविले. बाई राज्यात नव्या, येऊन पाच महिने जाहले होते, बोलणे हळू, परंतु एक खोड मोठी होती की कोणत्याही गोष्टीचे नाव चुकीचे असले तर त्यांना जेवण गोड लागत नसे. सरकारांनी त्यांस अपवादांची मुखत्यारी दिली आणि मुदत तीच, पोळ्याची.

मैथिलीबाईंनी प्रथम ती दशमीची मागणी जशीच्या तशी चाचणीच्या रानात, म्हणजे खऱ्या राज्याच्या नकलेत, सोडिली आणि तिचा माग काढीत गेल्या. सापडले ते ऐसे. रुग्णाच्या क्रमांकात एक आकडा जास्त पडला होता, एवढीच चूक, जी बाईंना सांगितली असती तर त्यांनी एका क्षणात खोडून नीट केली असती. हाकारा निघालाही होता. परंतु पहिल्याच वळणावर एक चौकी होती, जी कोणताही हाकारा आला, कोणत्याही नावाचा आला, तरी झेलून गिळून टाकी आणि वर कोणास काही कळवीत नसे. चौकीच्या आत तजवीज म्हणून काही नव्हते. फक्त एक टीप लिहून ठेविली होती, "येथे काही घडणार नाही." मैथिलीबाईंनी ती टीप भर दरबारात वाचून दाखविली, आणि मंडळी हसली, काही माना खाली गेल्या. चौकी कोणी बांधली ते यंत्राच्या दप्तरात लिहिलेले असते. बाईंनी ते पाहिलेही, परंतु वाचून दाखविले नाही, हे त्यांचे थोरपण.

मग त्यांनी कंबर कसली आणि महिनाभरात अपवादांचा एक वंशवृक्ष रचिला. प्रत्येक पथकाचे एक घराणे, घराण्याखाली शाखा, शाखेखाली पोटशाखा, एकूण नावे एकशे सतरा, आणि प्रत्येक नाव असे की वाचणाऱ्यास कोणत्या दालनात काय मोडले ते कळावे. तो वृक्ष छापून भिंतीवर लाविला, तेव्हा भिंत अपुरी पडून दरवाज्यावरही आला, आणि दरवाजा उघडला की साठ्याचे घराणे दोन तुकडे होई. दरबार थक्क जाहला. सरकारांनी खासा चहा पाजिला. मैथिलीबाई तेवढ्यावर न थांबता वृक्षाची गुंडाळी काखेत मारून एस.टी.ने डोंगरी ठाण्यास गेल्या, आणि आम्हीही टिपण घेण्यास सोबत गेलो.

अनुसयाबाईंनी पाणी दिले, चहा दिला, गुंडाळी टेबलावर पसरू दिली, चारी कोपऱ्यांवर औषधाच्या बाटल्या ठेविल्या आणि वरपासून खालपर्यंत निमूट पाहिले. मग म्हणाल्या, "ताई, मेहनत लई केली तुम्ही. पण यातलं माझ्या कामाचं काय?"

मैथिलीबाई म्हणाल्या, "आता कुठल्या विभागात बिघाड झाला ते नेमकं कळेल."

"तुम्हाला कळेल. मला तुमचे विभाग कशाला?" अनुसयाबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर माणूस पडलेला असतो. मला तीनच गोष्टी पाहिजेत. माझ्या हातून चुकलं का, म्हणजे मी नीट करीन. की जरा थांबू, म्हणजे आपोआप होईल. की तुमचंच मोडलंय, म्हणजे मी तुमचा नाद सोडून फोन उचलीन. एवढं सांगा. बाकी तुमचं घरचं."

मैथिलीबाईंनी गुंडाळी वळून पुन्हा काखेत घेतली. त्यांचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला, आणि खरे सांगतो, आम्हांसही वाईट वाटले, कारण एक महिना त्यांनी घरी धड जेवण केले नव्हते. परंतु परतीच्या वाटेवर दुसऱ्या घाटात त्या एकाएकी हसू लागल्या आणि म्हणाल्या, "मी अपवाद कुठे जन्मतो ते बघून कुळं लावली. तो झेलणाऱ्याने काय करायचं ते बघून लावायला हवी होती. सगळं झाड तिने चहा पिता पिता सांगितलं!" आणि त्यांनी गुंडाळीच्या पाठीवर तेथेच लिहिण्यास आरंभ केला, बस हलत होती तरी अक्षर वाकडे होऊ दिले नाही.

मग नवी रचना ऐसी जाहली. सर्व अपवादांची एक मूळमाता, राज्याच्या नावाची. तिच्या तीन लेकी. पहिली मागणीदोष, म्हणजे मागणाऱ्याने दुरुस्त करावे असे. दुसरी क्षणिक अडचण, म्हणजे थोडे थांबून पुन्हा प्रयत्न केला असता सुटेल असे. तिसरी राज्यदोष, म्हणजे चूक आमची, मागणाऱ्याने वाट पाहू नये असे. या तिघींच्या पोटी नाती, तेवढ्याच, जेवढ्यांची तजवीज निराळी करावी लागते, एकूण चौदा. जिची तजवीज निराळी नाही तिला निराळे नाव नाही, फक्त तिच्या खलित्यात, म्हणजे हाकाऱ्यासोबतच्या निरोपात, मजकूर निराळा. कुळाचा गुण असा की आईस झेलणारी चौकी लेकीसही झेलते आणि नातीसही, म्हणून एकशे सतरा पहारे बसविण्याची गरज उरली नाही. आणि परमुलखातून, म्हणजे दुसऱ्यांच्या यंत्रांकडून, जो हाकारा येईल त्यास वेशीवर अडवून आपल्या कुळाचे वस्त्र चढवावे, परंतु त्याचा मूळ खलिता फाडू नये, तो पोटाशी बांधून तसाच पुढे न्यावा, ऐसा कायदा जाहला. पिशव्या संपल्या हे मात्र मैथिलीबाईंनी कुळात घेतलेच नाही. म्हणाल्या, "साठा नाही हे संकट नव्हे, हे रोजचं उत्तर आहे. ते साध्या तोंडाने सांगावं, हाकारा कशाला?" ते सर्वांस पटले.

पटले नाही ते जयवंतरावांस. त्यांचे सारे तोडकर कुळातून गेले होते. ते दरबारात उभे राहून म्हणाले, "आठ वर्षं या नावांनी राज्य चाललंय. तोडकर-तीन म्हटलं की मला डोळे मिटून कळतं."

मैथिलीबाई म्हणाल्या, "तुम्हाला कळतं, जयवंतराव. तुम्ही रजेवर असलात की?"

"मला फोन करा."

"आणि अनुसयाबाईंनी कोणाला करायचा?"

जयवंतराव खाली बसले. रागाने चार दिवस कोणाशी बोलले नाहीत, डबाही एकटेच खात. पाचवे दिवशी चाचणी लाविली तो सर्व हाकारे, मागणीदोष असो की क्षणिक अडचण, एकाच चौकीत जाऊन पडू लागले आणि पडद्यावर पुन्हा तेच, "काहीतरी चुकले." मैथिलीबाईंनी डोके धरिले. पोळा अठरा दिवसांवर आला होता. जयवंतराव मागून येऊन पडद्याकडे पाहात राहिले आणि मग म्हणाले, "मातेची चौकी सगळ्यात आधी बसवलीत. ती सगळ्यांनाच झेलणार, लेकींच्या चौकीपर्यंत कोणी पोचणारच नाही. आधी नाती, मग लेकी, माता सगळ्यात शेवटी." मैथिलीबाईंनी खुर्ची सोडली आणि म्हणाल्या, "बसा, तुम्हीच लावा." जयवंतराव बसले, चौक्या क्रमाने लाविल्या, आणि सगळ्यात शेवटी मातेची चौकी स्वहस्ते बांधली, जीत जे कोणासच ओळखू आले नाही ते झेलावे, गिळू नये, दरबारात घंटा वाजवावी आणि मागणाऱ्यास खरे सांगावे. उठताना त्यांनी आपले तोडकर-एक ते तोडकर-नऊ स्वतः पुसून टाकिले. डोळ्यांत पाणी होते, आणि ते लपविले नाही.

मग श्रावण वद्य नवमीस, पोळ्यास सहा दिवस असता, दोन प्रहरी रणसंग्राम जाहला. डोंगरी ठाण्यावर एक बाळंतीण, मूल जन्मले परंतु रक्त थांबेना, गट तोच दुर्मिळ. अनुसयाबाईंनी मागणी घातली आणि घाईत पुन्हा क्रमांक चुकला. मागणीदोषाचा हाकारा निघाला, लेकीच्या चौकीने झेलला, आणि पडदा बोलिला, "रुग्ण क्रमांकात नऊ आकडे हवेत, दहा आले आहेत. शेवटचा तपासा." बाईंनी खोडला, पुन्हा धाडिली. तोच घाटात तार गेली. क्षणिक अडचणीची चौकी उठली, पडद्यावर लिहिले, "थांबा, पुन्हा प्रयत्न चालू आहे," आणि एकदा आपटली, दोनदा आपटली, तिसऱ्याने वाट मोकळी केली. आता फत्ते म्हणावी तो तिसरा घाला आला, आणि तो कोणी कधी पाहिलेला नव्हता. मोठ्या पेढीच्या शीतपेटीत परक्या मुलखाचे यंत्र बसविलेले होते. त्याला विचारले, पिशवी थंड आहे काय, तर त्याने आजवर कधी न सोडलेला हाकारा सोडिला, नाव अनोळखी, भाषा अनोळखी. वेशीवर त्यास राज्यदोषाचे वस्त्र चढविले, मूळ खलिता पोटाशी बांधिला. पहिल्या नातीने ओळखले नाही, दुसरीने ओळखले नाही, लेकीची चौकी त्या वाटेवर बसवायचीच राहून गेली होती, आणि तो थेट शेवटच्या चौकीवर येऊन आदळला. जुने राज्य असते तर येथे गिळला जाता. परंतु मातेने झेलला. दरबारात घंटा खणखणली, आणि त्याच क्षणी डोंगरात पडदा म्हणाला, "चूक राज्याची आहे, आपली नाही. वाट पाहू नका. या गटाच्या दोन पिशव्या मोठ्या पेढीत आहेत, हा त्यांचा फोन."

अनुसयाबाईंनी फोन उचलिला. इकडे जयवंतराव हातातली पोळी टाकून धावले, पोटाशी बांधलेला मूळ खलिता उलगडला, वाचला, आणि मोठ्याने म्हणाले, "पेटी ठीक आहे, तिचं यंत्र काल नवं बसवलंय, उत्तराची पद्धत बदलली!" आणि पेढीस तसे कळविले, तेव्हा पेढीवाल्यांनी हाताने तापमान मोजून पिशवी जीपमध्ये घातली. बटण दाबल्यापासून जीप सुटेपर्यंत नऊ मिनिटे लागली. वैशाखात चाळीस लागली होती. पुढे घाट, पाऊस, वळणे, आणि दरबारात कोणी जेवले नाही, कोणी जागेवरून उठले नाही, सरकार खिडकीशी उभे. मग अनुसयाबाईंचा फोन आला. मैथिलीबाईंनी तो सर्वांस ऐकू येईल ऐसा केला. बाई म्हणाल्या, "ताई, रक्त थांबलं. आई डोळे उघडून बोलली, मुलगी कुठंय म्हणाली." आणि थोडे थांबून म्हणाल्या, "वही परत कपाटात टाकली मी."

त्यावर दरबारात जो जल्लोष जाहला तो काय वर्णावा. जयवंतरावांनी मैथिलीबाईंस त्रिवार मुजरा केला, सरकारांनी पेढे मागविले, आणि सात ठाणी राहिली एवढेच नव्हे तर महिनाभरात आणखी अकरा जोडली गेली. दुसरे दिवशी त्या नव्या अपवादास नाव देण्याची मसलत बसली. तजवीज निराळी होती, म्हणून नाव देणे प्राप्त होते. कोणी उत्साहाने म्हणाले की यास गावित-अपवाद म्हणावे, बाईंचा मान राहील. फोनवर विचारले तो अनुसयाबाई खळखळून हसल्या, "माझं नाव संकटाला कशाला देता? काय झालं ते लिहा." तेव्हा जयवंतरावांनीच नाव सुचविले, 'शीतपेटीचे उत्तर कळेना', आणि ते राज्यदोषाच्या पोटी पंधरावे म्हणून दाखल जाहले. त्या मुलीचे नाव काय ठेविले ते दरबारास कळले नाही, आणि ते विचारणे आमचे काम नव्हे.

तात्पर्य इतुकेच, की अपवादास नाव द्यावे ते काय घडले त्याचे, कूळ लावावे ते पुढे काय करावे त्याचे, आणि झेलिले ते गिळू नये. आता लिहिणाराचे नाव राहिले. वैशाखात ज्या चौकीने अनुसयाबाईंचा हाकारा अकरा वेळा गिळला, ती चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी घरी जाण्याच्या घाईत आम्ही बांधली होती, आणि "येथे काही घडणार नाही" ही टीप आमच्या हातची. नव्या रचनेत चौकी वाटेवरून हटलीच होती, दप्तरात उरलेली ती टीप श्रावण वद्य दशमीस आम्ही आमच्याच हाताने पुसली. मैथिलीबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी पेढा पुढे केला. लेखनसीमा.